चित्रकार्डाचें कवच

लहान वस्तूंच्या नशिबीं कधीं कधीं मोठा प्रवास असतो. सिगारेटीच्या पाकिटांतून निघालेलें खेळाडूचें चित्रकार्ड ही अशीच एक वस्तु होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटांत विकल्या जात. खिशांत थोडा दाब बसला कीं त्या चेपत. म्हणून पाकिटांत ताठ पुठ्ठ्याचा एक तुकडा घालण्याची रीत अमेरिकेंत पडली. तो कोरा ठेवण्यापेक्षां त्यावर चित्र छापावें, म्हणजे दुसरें चित्र मिळविण्यासाठीं गिऱ्हाईक पुन्हां तेंच पाकीट मागेल, हा व्यापारी हिशेब कारखानदारांस लौकरच सुचला. नटी, पक्षी, आगबोटी, सैनिक, खेळाडू अशा नाना विषयांच्या माला निघूं लागल्या. इंग्लंडांत विल्स कंपनीनें १८९६ सालीं पन्नास क्रिकेटपटूंची माला काढली. याचा अर्थ असा कीं, ज्या कार्डाला आज कवच शोधावें लागतें, तें मुळांत दुसऱ्या वस्तूचें कवच म्हणूनच जन्मास आलें होतें. रक्षकाचेंच रक्षण करण्याची पाळी आतां संग्राहकावर आली आहे.

या कार्डांचा आपल्या देशाशीं संबंध नव्हता असें नाहीं. विल्स कंपनीच्या 'सिझर्स' छापाच्या सिगारेटी हिंदुस्थानांत खपत आणि त्या पाकिटांतूनही चित्रें येत. हिंदी पलटणींच्या शिपायांची एक माला त्यांत होती. क्रिकेटच्या कार्डांवर रणजितसिंहजींचा चेहरा विसाव्या शतकाच्या आरंभींच झळकला. पुढें दुलीपसिंहजी व पतौडीचे नबाब इफ्तिकार अली खान हे इंग्लंडकडून खेळले, तेव्हां त्यांचींही कार्डें निघालीं. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक बळी घेणारे पालवणकर बाळू, किंवा १९४८ सालीं पुण्यास नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर, यांची आठवण मराठी घरांनीं जपली ती मुख्यतः वृत्तपत्रांच्या कात्रणांतून. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्यें इंग्लंडांतील सिगारेट-कार्डें थांबलीं. त्यानंतर खेळाडूंचीं चित्रें मुख्यतः बबलगम, चहा, बिस्किटें अशा मालाबरोबर येऊं लागलीं. भारतांत १९८७ चा विश्वचषक भरला, त्या सुमारास 'बिग फन' नांवाच्या बबलगमबरोबर मिळणारीं क्रिकेटपटूंचीं लहान चित्रें शाळकरी मुलांच्या दप्तरांत हटकून सांपडत.

आतां जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांतल्या हसनाबाद या गांवीं एका जुन्या घराची कल्पना करावी. घरांतील पणजोबा कधीं काळीं मुंबईस नोकरीला होते. गांवीं परततांना त्यांनीं पत्र्याच्या एका चपट्या डबींत दहा-बारा सिगारेट-कार्डें आणलीं. त्याच डबींत पुढें त्यांच्या नातवानें १९८७ सालचीं आपलीं बबलगमचीं चित्रें टाकलीं, आणि अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका आप्तानें पाठविलेलें बेसबॉलचें एक जुनें कार्डही तींतच विसावलें. तीन पिढ्यांची हौस एका डबींत जमा झाली. दिवाळीच्या साफसफाईंत ती डबी घरांतील कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाच्या हातीं लागते. तो मोबाईलवर शोध घेतो, जुन्या कार्डांना किंमत असते असें वाचतो आणि आनंदानें सांगतो कीं, उद्यां भोकरदनला जाऊन हीं सगळीं कार्डें लॅमिनेट करून आणतों, म्हणजे तीं कायमचीं टिकतील. तेवढ्यांत आजी विचारते, "बाळा, एकदां असें बंद केलें, म्हणजे तें पुन्हां बाहेर काढतां येईल का?"

हा प्रश्न आजीनें सहज विचारला असेल. पण जुन्या कागदाच्या रक्षणाचें सारें शास्त्र त्यांत आलें आहे. लॅमिनेशनच्या यंत्रांत वस्तु दोन प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्यें ठेवून तापलेल्या रुळांतून काढतात. पापुद्र्याच्या आंतल्या बाजूस डिंकासारखा थर असतो. तो उष्णतेनें वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतो आणि निवल्यावर तेथेंच घट्ट होतो. मग प्लास्टिक सोडवूं जावें तर छापील थरच सोलून निघतो. शिधापत्रिकेच्या नकलेला किंवा दुकानाच्या दरपत्रकाला ही योजना सोयीची आहे. परंतु जुन्या कार्डाला ती जिवंतपणीं समाधि आहे. जें कवच हवें तेव्हां काढतां येतें आणि काढल्यावर आपली खूण मागें ठेवीत नाहीं, तेंच खरें कवच, ही या विषयांतील पहिली आणि शेवटची कसोटी समजावी.

येथें 'दर्जा न ठरविलेलें कार्ड' म्हणजे काय, हें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत १९९१ सालापासून पीएसए नांवाची संस्था, आणि तिच्यासारख्या आणखी कांहीं संस्था, कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोंवतीं सुटलेली पांढरी किनार किती समतोल आहे हें तपासून त्यास १ ते १० असे गुण देतात. मग तें कार्ड कठीण प्लास्टिकच्या बंद पेटींत घालून परत पाठवितात. अशी परीक्षा न झालेलें कार्ड तें दर्जा न ठरविलेलें. बाजारांतल्या बोलींत 'रॉ', म्हणजे कच्चें, कार्ड. त्याची पेटी सील केलेली नसते, त्यामुळें तें हातांत घेतां येतें, उलटवून पाठीवरचा मजकूर वाचतां येतो. हा त्याचा मोठा गुण आहे. पण त्याबरोबर त्याच्या रक्षणाची सारी जबाबदारीही धन्यावर येते. हसनाबादच्या डबींतील कार्डें याच वर्गांत मोडतात, आणि घरोघरींच्या संग्रहांतील बहुतेक कार्डें अशींच असतात.

हौशी माणसाच्या हातून चूक होते ती बहुधा उतावळेपणानें. कार्ड वेष्टनांत बसत नाहीं म्हणून त्याची कड कातरावी, कोपरा वळला म्हणून इस्त्री फिरवावी, डाग दिसला म्हणून खोडरबर घांसावें, असें मनांत येतें. या मोहाचा परिणाम कुठवर जातो, याची एक प्रसिद्ध कथा आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९०९ ते १९११ या काळांत काढलेल्या बेसबॉलच्या मालेंत होनस वॅग्नर या खेळाडूचें कार्ड फारच थोड्या प्रतींत उरलें आहे. त्यांतील एक प्रत अत्यंत सुबक म्हणून गाजली. १९९१ सालीं ती हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व त्याचा भागीदार यांनीं लिलांवांत ४,५१,००० डॉलरला घेतली. दर्जा ठरविणाऱ्या संस्थेनें तिला ८ गुण दिले. आणि २००७ सालीं तिला २८ लक्ष डॉलर आले. मात्र ज्या व्यापाऱ्यानें ती मूळ विकली होती, त्या बिल मास्ट्रोनें २०१३ सालीं न्यायालयांत कबूल केलें कीं, विकण्यापूर्वीं तिच्या कडा आपण छाटल्या होत्या. सुबकपणा कात्रीचा होता, काळाचा नव्हता. कार्डाचें मोल त्याच्या मूळ रूपांत असतें. घडी पडलेलें पण अस्सल कार्ड हें कातरून देखणें केलेल्या कार्डापेक्षां शतपटीनें प्रामाणिक होय.

तेव्हां कवच विकत घेण्यापूर्वीं पट्टी हातांत घ्यावी. इंग्रजी सिगारेट-कार्ड साधारण ३६ मिलिमीटर रुंद व ६७ मिलिमीटर उंच असतें. आजचें सर्वसामान्य क्रीडा-कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे सुमारें ६३.५ बाय ८९ मिलिमीटर भरतें. पण अमेरिकेंतील टॉप्स कंपनीचीं १९५२ ते १९५६ या सालांतील कार्डें याहून मोठीं, सुमारें ६७ बाय ९५ मिलिमीटर, आहेत. बाजारांत मिळणारीं बहुतेक वेष्टनें आजच्या मापाचीं असतात. त्यांत जुनें मोठें कार्ड दडपून बसवावें तर कडा दुमडतात. छोटें सिगारेट-कार्ड टाकावें तर तें आंत मोकळें हिंडतें आणि प्रत्येक धक्क्याबरोबर त्याचे कोपरे झिजतात. पायांतील जोडा जसा चावतांही नये आणि निसटतांही नये, तसें वेष्टन असावें. रुंदींत व उंचींत चोहोंकडे एक-दोन मिलिमीटरांची मोकळीक पुरेशी होय. कार्डाची जाडीही पाहावी. व्यापारांत ती 'पॉइंट'मध्यें मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कठीण वेष्टनें निरनिराळ्या पॉइंटांचीं मिळतात, आणि पातळ कार्ड जाड कार्डाच्या पेटींत घातलें तर तें आंत खुळखुळतें.

मापानंतर प्रश्न येतो द्रव्याचा. सगळीं प्लास्टिकें दिसावयास सारखींच पारदर्शक, पण स्वभावानें भिन्न असतात. पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, हें मूळचें कडक असतें. त्याचीं मऊ पाकिटें करण्यासाठीं त्यांत तेलकट पदार्थ मिसळावे लागतात. कालांतरानें हे पदार्थ बाहेर पाझरतात. पाकीट चिकट होतें, छपाईची शाई त्यास लागते, आणि उष्णतेनें पीव्हीसी झिजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्लही सुटतें. नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांस याचा अनुभव आहे: अशा पाकिटांत ठेविलेल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. नव्या रेनकोटास जो उग्र वास येतो, तसा वास पाकिटास येत असेल तर त्याच्या वाटेस जाऊं नये. उलट पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि पॉलिएस्टर यांत तसे मऊपणासाठीं घातलेले पदार्थ नसतात. त्यांपैकीं पॉलिएस्टर, ज्याचें मायलार हें एक व्यापारी नांव आहे, सर्वांत टिकाऊ व स्वच्छ दिसणारें, पण महाग. घरगुती संग्रहास पॉलिप्रॉपिलीन पुरेसें आहे. दुकानदारास 'ॲसिड-फ्री आणि पीव्हीसी नसलेलें' असें स्पष्ट विचारावें. पुडक्यावर द्रव्याचें नांवच नसेल तर तें पुडकें तेथेंच ठेवावें.

आतां कवचांचे प्रकार पाहूं. सर्वांत साधी ती पातळ, मऊ पिशवी. तिला संग्राहक 'स्लीव्ह' म्हणतात. ती अगदीं स्वस्त असते, आणि तरी पहिलें काम तिचेंच. बोटांचा घाम, धूळ व ओरखडे यांपासून ती कार्डाचा पृष्ठभाग वांचविते. मात्र तिला ताठपणा नाहीं. नुसत्या स्लीव्हमधलें कार्ड सहज वांकतें. म्हणून तिच्यावर दुसरें कवच येतें तें 'टॉपलोडर'. वरच्या बाजूनें उघडें असलेलें, कडक प्लास्टिकचें चपटें घर. स्लीव्ह आधीं आणि टॉपलोडर नंतर, हा क्रम मोडूं नये. कार्ड उघडेंच टॉपलोडरमध्यें सरकविलें तर कडक प्लास्टिकवर त्याचा पृष्ठभाग घांसतो आणि आरंभींच ओरखडा उठतो. स्लीव्हचें तोंड हलकें उघडून कार्ड सरळ आंत सोडावें, कोपऱ्यावर जोर देऊं नये. टॉपलोडरचें तोंड चिकटपट्टीनें बंद करण्याची संवय वाईट. उन्हाळ्यांत पट्टीचा गोंद ओघळतो आणि कार्ड काढतांना त्यास लागतो. त्याऐवजीं टॉपलोडरच्याच मापाची एक सैल पिशवी वर चढवावी.

'सेमी-रिजिड' म्हणून एक मधला प्रकार आहे. तो टॉपलोडरपेक्षां लवचीक असतो आणि कार्ड तपासणीस पाठवितांना वापरतात. कार्ड काढतांना त्याच्या दोन्ही भिंती किंचित् फांकवाव्या लागतात, म्हणून वारंवार उघडण्याच्या कार्डास तो गैरसोयीचा. त्यानंतर येते लोहचुंबकानें मिटणारी दोन फळ्यांची पेटी. ती दिसावयास राजेशाही असते. तिच्या कोपऱ्यांशीं कार्डाच्या कोपऱ्यांस दाब बसूं नये म्हणून पोकळी ठेविलेली असते. एखादें निवडक कार्ड दाखविण्यासाठीं ती शोभून दिसते. पण तिच्या खांचेचें माप कार्डाच्या मापाशीं तंतोतंत जुळलें पाहिजे, आणि सिगारेट-कार्डाच्या मापाची अशी पेटी सहसा दुकानांत सांपडत नाहीं. स्क्रूनें आवळण्याच्या जुन्या जाड पेट्या मात्र टाळाव्या. स्क्रू जास्त पिळला कीं कार्ड दाबलें जाऊन पातळ होतें व कडांशीं पसरतें, आणि पुढें तपासणारा त्यास फेरफार केलेलें कार्ड समजतो.

संख्या जास्त असेल तर पानांचा विचार करावा. एका पानांत नऊ कप्पे असलेलीं पॉलिप्रॉपिलीनचीं पानें फाईलींत लावतां येतात. सिगारेट-कार्डांसाठीं लहान कप्प्यांचीं पानें वेगळीं निघतात; लंडन सिगारेट कार्ड कंपनी ही १९२७ सालीं स्थापन झालेली जुनी संस्था केवळ अशाच संग्राहकांसाठीं चालत आली आहे. फाईल घेतांना कडी गोल असण्यापेक्षां एका बाजूनें सपाट असलेली घ्यावी. गोल कडीवर पानें वळतात आणि आंतल्या रांगेंतील कार्डांना बांक येतो. फाईल भरगच्च भरूं नये, आणि ती पुस्तकाप्रमाणें उभी ठेवावी. कप्प्यांत एकावर एक अशीं दोन कार्डें कोंबणें हा काटकसरीचा नव्हे, कंजूषपणाचा प्रकार आहे. खर्चाचें तारतम्यही हवें. कोपरे झिजलेल्या बबलगमच्या चित्रास चुंबकाची पेटी घेणें म्हणजे वाणसामानाच्या यादीस चांदीची चौकट करणें होय. त्यास स्लीव्ह आणि एक कप्पा पुरे.

येथवर जें सांगितलें तें लंडनासही लागू आहे. हसनाबादची गोष्ट थोडी निराळी, कारण तेथील हवा निराळी. त्या बाजूस उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. गच्चीवर घातलेला पापड पाहतां पाहतां कडक होतो. मृगाचा पाऊस लागला कीं तोच पापड डब्याबाहेर राहिल्यास तासाभरांत मऊ पडतो. कार्ड हें या बाबतींत पापडाचेंच भावंड आहे. कागद हवेंतील दमटपणा पितो आणि फुगतो, कोरडेपणांत तो ओकतो आणि आक्रसतो. कार्डाची पुढची बाजू छपाईनें व चकाकीनें झांकलेली, मागची तितकी नाहीं; दोन्ही बाजू सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत, म्हणून कार्ड वांकतें. कागदास साधारण ३५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. ती ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिली तर बुरशी धरते. आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र आज थोड्या पैशांत मिळतें. तें कपाटांत ठेविलें म्हणजे तर्क करावा लागत नाहीं.

इंग्लंडांत १९३० च्या दशकांत निघालेल्या पुष्कळ सिगारेट-कार्डांच्या पाठीवर गोंद लाविलेला असे. ओलसर करून तीं एका पेनीच्या अल्बमांत चिकटवावयाचीं असत. पणजोबांच्या डबींत अशीं कार्डें असतील तर पावसाळा हा त्यांचा सर्वांत मोठा वैरी. एकावर एक रचलेलीं हीं कार्डें दमट हवेंत परस्परांस चिकटतात, आणि मग एकाचें चित्र दुसऱ्याच्या पाठीवर राहतें. चिकटलेलीं आढळलीं तर तीं ओढून किंवा पाण्यांत बुडवून सोडवूं नयेत. कागदाच्या संवर्धनाचें शिक्षण घेतलेल्या जाणकाराकडे तीं न्यावींत. जीं सुटीं आहेत त्यांस प्रत्येकीं वेगळी स्लीव्ह ताबडतोब द्यावी. अल्बमांत पूर्वींच चिकटविलेलीं कार्डें मात्र अल्बमासकट ठेवावींत. तो अल्बमही आतां इतिहासाचाच भाग झाला आहे.

डबीचें काय करावें? पत्र्याची डबी गंजते, आणि गंजाचा डाग कागदावरून निघत नाहीं. ती आठवण म्हणून अवश्य ठेवावी, पण रिकामी. कार्डें आम्लरहित पुठ्ठ्याच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत उभीं, रांगेनें ठेवावींत. उरलेल्या जागेंत कोऱ्या पुठ्ठ्याचा आधार द्यावा, म्हणजे तीं कलंडत नाहींत. हा डबा पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर ठेवूं नये. मे महिन्यांत तेथें भट्टी होते. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीशींही तो नको. घराच्या मधल्या खोलींतील, जमिनीपासून वर असलेल्या कपाटाचा कप्पा ही त्याची जागा. पावसाळ्यांत सिलिका जेलची पुडी डब्यांत ठेवावी, पण ती कार्डास टेकूं देऊं नये आणि ओलावा पिऊन ती निकामी झाली कीं बदलावी. कसर आणि वाळवी यांच्या भीतीनें डांबराच्या गोळ्या टाकण्याची घरगुती चाल येथें उपयोगाची नाहीं. त्यांची वाफ कांहीं प्लास्टिकांस मऊ करते आणि माणसासही बरी नव्हे. कडुलिंबाचीं पानें धान्याच्या कणगींत शोभतात. कागदांत तीं ओलावा व डाग आणतात. स्वच्छता, कोरडेपणा आणि वेळोवेळीं नजर, हींच कसरीवरील खरीं औषधें. भिंतीवर चित्र लावण्याची हौस असेल तर त्याची रंगीत नक्कल काढून ती लावावी. ऊन तर रंग उडवितेंच, पण दिव्याचा उजेडही वर्षानुवर्षें तेंच काम सावकाश करीत असतो.

हें सर्व ऐकून एखाद्यास वाटेल कीं, हें परक्या देशाचें नवें थोतांड आहे. वस्तुतः तसें नाहीं. मराठी घरांत पोथी कशी ठेवीत, हें आठवून पाहावें. सुट्या पानांच्या वर व खालीं पानांच्याच मापाची लांकडी फळी. त्यांवर सुती रुमाल. रुमालाची गांठ अशी कीं ती हातानें सुटेल. पेशवे दप्तरांतील कागदही रुमालांत बांधलेले असत, म्हणून तेथें कागदांची गणतीच रुमालांवर होई. आधार, आच्छादन आणि सुटणारी गांठ, या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांस ठाऊक होत्या. टॉपलोडर म्हणजे पोथीची फळी, स्लीव्ह म्हणजे तिचा रुमाल; आणि उघडें ठेविलेलें वरचें तोंड म्हणजे ती सुटणारी गांठ. लॅमिनेशनमध्यें आधार आहे, आच्छादनही आहे. नाहीं ती फक्त गांठ, आणि तिच्याविना बाकीच्या दोहोंस अर्थ राहत नाहीं.

पोथीचा दुसरा धडा असा कीं, ती वर्षांतून एकदां तरी उघडली जाई. कार्डांसाठीं दसऱ्याचा दिवस नेमून घ्यावा. तोंवर पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी होऊं लागलेली असते आणि घरांत पुस्तकांची व हत्यारांची पूजा व्हावयाचीच असते. हात साबणानें धुऊन, पूर्ण कोरडे करून, स्वच्छ चादर अंथरून डबा उघडावा. सुती मोजे घालण्याची गरज नाहीं. त्यांनीं बोटांची जाणीव बोथट होते आणि कोपरा अडकतो. पिवळी पडलेली, चिकट किंवा धूसर झालेली स्लीव्ह बदलावी. बुरशीचा ठिपका दिसला तर तें कार्ड लगेच इतरांपासून दूर ठेवावें. जुन्या कागदांत लांकडाच्या लगद्याचा अंश असल्यामुळें तो काळाबरोबर थोडा पिवळा पडणारच. त्या पिवळेपणास रोग समजून उपचार करूं नयेत. म्हातारपण आणि आजार यांतला फरक जसा माणसांत, तसा कागदांतही ओळखावा लागतो.

भोकरदन हें प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननांत सातवाहन काळांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला, आणि इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं त्याचें साम्य अभ्यासकांस दिसलें. हस्तिदंत मातींत दोन हजार वर्षें राहूं शकला. कागदास मातीचा तो आसरा नाहीं. त्यास माणसाच्याच हाताचा आधार लागतो. आणि मूर्ती कोणीं घडविली, कोणीं हाताळली, हें मातीनें सांगितलें नाहीं. कार्डांच्या बाबतींत तें सांगणारीं माणसें अजून घरांत आहेत. म्हणून डब्यांत आम्लरहित कागदाची एक चिठ्ठी अवश्य ठेवावी, आणि पेन्सिलीनें तींत लिहावें कीं, हीं कार्डें कोणीं, कोठून, कधीं आणलीं. कार्डावर मात्र एक अक्षरही लिहूं नये. बाजार कार्डास गुण देईल किंवा न देईल. पण मुंबईच्या चाळींतून हसनाबादेस येतांना पणजोबांनीं इतर सामानाबरोबर खेळाडूंचीं चित्रेंही आणलीं, ही हकीगत कोणत्याही संस्थेच्या पेटींत बंद करून मिळत नाहीं.

तेव्हां कॉलेजांतल्या त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं भोकरदनला जावें, पण लॅमिनेशनच्या दुकानांत नव्हे. वाटेंत एक मोजपट्टी घ्यावी, आणि घरीं येऊन आजीच्या शेजारीं बसून एकेक कार्ड मोजावें. मोजतां मोजतां ती सांगेल तें चिठ्ठीवर उतरून घ्यावें. स्लीव्ह आणि टॉपलोडर मागविले तर तीं आठवड्यानें येतील. आजीच्या आठवणींस मात्र कोणतेंही वेष्टन मिळत नाहीं. त्या आधीं लिहून घ्याव्या, कार्डें थोडे दिवस थांबतील.